वीज नव्हती तेव्हा परड्याने जेवू घातलं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यावरून गेलं. एका दुपारीत आमच्या परड्यातले, म्हणजे घरामागच्या वाडीतले, चौदा माड, जवळजवळ सगळी पोफळबाग (सुपारीची बाग) आणि आजोबांच्या हातचा हापूस आडवा झाला. वीज गेली ती महिनाभर आली नाही. आधीच लॉकडाउन, त्यात रस्त्यांवर झाडं पडलेली. पण चौथ्या-पाचव्या दिवशी घर अडलं ते पिठावर. डबा संपला आणि गिरण बंद. कणगीत दाणा असून ताटात भाकरी नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आम्हाला तारलं आईच्या आगोटीने, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीने. माती लावून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आमसुलं, कुळीथ, वाशाला टांगलेला शेवटचा भोपळा. दुपारी भात, रात्री पेज. पाऊस लागल्यावर टाकळा उगवला, त्याची भाजी.

आठवड्याने पडलेल्या झावळ्या ओढून काढल्या, तर खालून सुरणाचे ठिपकेदार कोंब वर येत होते. करांदे आणि कोनफळं या कंदांच्या वेलांचे मांडव मोडले होते, बेणं (लावणीचे कंद) मात्र मातीत शाबूत. त्या थंडीत आम्ही पाट्या भरभरून कंद काढले. २०२० च्या पावसात लावलेल्या बाणवली जातीच्या माडांना फळ धरायला सहा-सात वर्षं जायची होती. कंदांनी सहा महिन्यांत पोट भरलं.

म्हणून संकटासाठी अन्न पिकवायचं म्हणून कुणी कुंडीत कोथिंबीर-पुदिना लावायला सांगतं, तेव्हा मला राहवत नाही. ती चव झाली, जेवण नव्हे. आधी असं काही लावा जे जमिनीखाली वाढतं, काढेपर्यंत तिथेच टिकतं आणि दळावं लागत नाही. शहरात गच्ची असेल तर जुन्या पोत्यात रताळ्याचा वेल लावा. चारेक महिन्यांत रताळी मिळतात, तोवर कोवळ्या पाल्याची भाजी होते. परड्यावर वर्षभर घर चालेल असं मी म्हणत नाही. तांदूळ, तेल, मीठ भरून ठेवावंच लागतं.

आणि बी घरचं हवं. संकरित बियाण्याच्या फळातलं बी पुन्हा पेरलं तर तसंच पीक येईल याचा भरवसा नसतो, आणि दुकानं बंद असताना नवं आणणार कुठून? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणं घरात जपली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माझी आई पडवळाचं, तवशाचं (मोठ्या काकडीचं) बी राखेत घोळून ठेवते. मी हे तिच्याकडून चाळिशीत शिकले, याची मला खंत आहे.

करांद्याचं बेणं मेअखेर लावतात. आमच्याकडे दोन पाट्या जास्तीचं आहे. जवळपासच्या वाड्यांतल्या कुणाला हवं असेल तर येऊन घेऊन जा. पैसे नकोत, पुढच्या वर्षी त्यातलं थोडं शेजारी द्या.