मेंढी थंडीने माजावर येत नाही

दिवाळी सरते, भाताची कापणी-झोडणी आटोपते आणि घाटावरचे धनगर आपली मेंढरे घेऊन कोकणच्या खलाटीत उतरतात. मोकळ्या झालेल्या खाचरांत खतासाठी रात्री मेंढरे बसवली जातात. याच दिवसांत मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मेंढी थंडी पडली की माजावर येते; अंधारात सुटणारे मेलाटोनिन हे संप्रेरक प्रजनन दाबते, म्हणून मेंढरांजवळ रात्रभर दिवे लावावेत; एरवी मेंढीचा अंडाशय निकामी असतो, म्हणून इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे; आणि एवढे केले की कोकणात दोन वर्षांत तीन वेत हमखास मिळतात. गेल्या हंगामात आमच्या गावी उतरलेल्या एका मेंढपाळाने हाच मजकूर मला दाखवून ते इंजेक्शन कुठे मिळेल, असे विचारले. कष्टाचे पैसे चुकीच्या समजुतीवर खर्च होणार असतील, तर त्या मजकुराचे एकेक विधान तपासलेच पाहिजे.

थंडीचे विधान प्रथम घेऊ. थंड प्रदेशांतल्या मेंढ्या शरद ऋतूत माजावर येतात हे खरे आहे. पण थंडी आणि लहान होणारा दिवस या दोन गोष्टी तिथे बरोबरच येत असल्याने एकीचे श्रेय दुसरीला दिले जाते. इंग्लंडमध्ये येट्स या संशोधकाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंढ्यांना कृत्रिम उजेडाच्या साहाय्याने उलटे वर्ष दाखवले, म्हणजे बाहेर दिवस मोठा होत असताना त्यांच्यापुरता तो लहान केला, आणि त्यांचा प्रजननाचा हंगामही उलटला. ऋतूची खूण मेंढी अंगाला लागणाऱ्या गारव्यावरून नव्हे, तर रात्रीच्या लांबीवरून ओळखते.

मेलाटोनिनविषयीचे विधान अर्धवट माहितीतून आलेले आहे, आणि तेच सर्वांत जास्त दिशाभूल करते. डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या उजेडाची वर्दी मेंदूतल्या जैविक घड्याळाला मिळते, तिथून ती मज्जारज्जू आणि मानेतल्या मज्जागंडातून, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीतून, फिरून मेंदूतल्या पिनिअल या छोट्या ग्रंथीपर्यंत पोहोचते, आणि ती ग्रंथी फक्त अंधारात मेलाटोनिन स्रवते. रात्र जितकी लांब, तितका वेळ हा स्राव चालतो. म्हणजे मेलाटोनिन हे स्वतः चालना देणारे किंवा थोपवणारे संप्रेरक नसून रात्रीची लांबी सांगणारा निरोप आहे. त्या निरोपाचा अर्थ काय लावायचा, हे प्रत्येक प्राण्याचा मेंदू ठरवतो. हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी मोठ्या दिवसांत प्रजनन करणारा असल्याने त्याच्यात लांब चाललेला मेलाटोनिनचा स्राव प्रजनन थांबवतो; मेंढी आणि शेळी यांच्यात तोच स्राव प्रजनन सुरू करतो. घोडीला हिवाळ्यात जादा उजेड देऊन लवकर माजावर आणतात, आणि बहुधा तोच सल्ला इथे मेंढीला लावला गेला आहे. थंड देशांत मेंढीचा हंगाम लवकर आणण्यासाठी तिच्या कातडीखाली मेलाटोनिनचीच गोळी बसवतात, हे त्या मजकुराच्या लेखकाच्या कानावर आलेले दिसत नाही. उलट, मेंढीला कायम लहान दिवसांत ठेवूनही भागत नाही, कारण काही महिन्यांनी तिचा मेंदू त्या निरोपाला दाद देईनासा होतो आणि रात्री लांब असतानाच हंगाम संपतो. पुन्हा मोठे दिवस अनुभवल्याशिवाय लहान दिवसांचा परिणाम तिच्यावर नीट होत नाही.

अंडाशय निकामी होतो, हे विधान तर साफ चुकीचे आहे. हंगामाबाहेरही अंडाशयात बीजपुटिका, म्हणजे बीज धरणाऱ्या पिशव्या, वाढत असतात आणि इस्ट्रोजेनही तयार होत असते. अडसर असतो तो मेंदूत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात कार्श हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशय काढलेल्या मेंढ्यांच्या कातडीखाली इस्ट्रोजेन सतत सारख्या प्रमाणात सोडणाऱ्या नळ्या बसवल्या. इस्ट्रोजेन बारा महिने तेवढेच असूनही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे एलएच हे बीज सोडवणारे संप्रेरक मोठ्या दिवसांत घसरले आणि लहान दिवसांत पुन्हा वाढले. हा साधा, पण विलक्षण सुंदर प्रयोग आहे. संप्रेरक तेच, मात्र हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग मोठ्या दिवसांत त्याला फार हळवा होतो, डोपामिन हे रसायन वापरणाऱ्या काही मज्जापेशी लगाम ओढतात, आणि पीयूषिकेला एलएच सोडायला लावणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचे झटके विरळ होतात. त्या काळात किसपेप्टिन हे जीएनआरएचला चालना देणारे द्रव्य बनवणाऱ्या पेशीही मंदावतात. बाहेरून किसपेप्टिन दिले तर हंगामाबाहेरही बीज सुटते, म्हणजे अंडाशय तयारच होता. अशा वेळी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले, तर मेंढी नराला उभी राहील, पण बीज सुटेलच असे नाही. वरवर माज दिसेल आणि मेंढी गाभण राहणार नाही.

आता कोकणाचा प्रश्न. स्कॉटलंडमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसतरा तासांचा आणि सर्वांत लहान सात तासांचा असतो. रत्नागिरीला हेच आकडे सुमारे १३ आणि ११ तास आहेत. दोन तासांच्या फरकाच्या प्रदेशात घडलेल्या मेंढ्यांवर उजेडाचा ताबा सैल असतो, आणि आपल्याकडे येणारी दख्खनी मेंढी वर्षात बऱ्याच महिन्यांत माजावर येऊ शकते. तिला अडवते ती मुख्यतः चाऱ्याची टंचाई. अंगावर मांस नसेल, तर हायपोथॅलॅमस जीएनआरएचचे झटके आखडते घेतो आणि दिवा लावून ते वाढत नाहीत. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने आठ महिन्यांत एक, म्हणजे दोन वर्षांत तीन वेत अशक्य नाहीत. पण त्यासाठी व्यालेल्या मेंढीला तीन महिन्यांत पुन्हा गाभण राहण्याइतके खाऊ घालावे लागते. एका वेतात जुळी होण्याची गोष्ट वेगळी आहे: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ जातीतले जनुक आणून घडवलेल्या नारी सुवर्णा मेंढीत बीजांची संख्या वाढते, हंगाम बदलत नाही.

ज्याला माज खरोखर एकत्र आणायचा आहे, त्याने मेंढा महिनाभर इतका दूर ठेवावा की त्याचा वासही कळपाला येणार नाही, आणि मग तो एकदम आत सोडावा. काही मिनिटांतच मेंढ्यांच्या रक्तात एलएचचे झटके वाढू लागतात आणि दोन-तीन दिवसांत अनेकींचे बीज सुटते. हे पहिले बीज बहुधा माज न दाखवताच सुटते, दिसणारा माज साधारण अडीच ते साडेतीन आठवड्यांनी येतो, म्हणून पहिल्या आठवड्यात काही दिसले नाही तरी मेंढा बाहेर काढू नये.