संगीतशिक्षक कसा वापरावा

शाळेत मान्यवर अकराला येणार आणि संगीतशिक्षकाला स्वागतगीत बसवायचा निरोप साडेनवाला. परवाच्या या पराक्रमातून सातारा-सांगलीकडच्या बाकी शाळांनीही काही शिकावं, म्हणून या सूचना. कार्यालयात चिकटवून ठेवा.

आधी त्यांना संगीतशिक्षक म्हणणं सोडा. ‘पेटीवाले सर’ पुरे. माईक, स्पीकर, एक्स्टेंशन बोर्ड हे सगळं त्यांच्याच खात्यात येतं.

तासिका शनिवारची शेवटची द्या. गणिताचा पोर्शन मागे पडला की तीही काढून घ्या.

पेटी खेळाच्या खोलीत, गाद्यांखाली. साताऱ्याच्या पावसात ओल धरून पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर येत नाही, एखादा सूर भाता हलवला की आपोआप बोंबलत राहतो. तबला खिडकीत ठेवा, म्हणजे पुडी (वरचं कातडं) सैल पडून 15 ऑगस्टच्या सकाळी सर ती ताणायला बाजूचे लाकडी गट्टे ठोकत बसतील. दुरुस्तीचं बिल आलं की विचारा, ‘मागच्या वर्षीच केली होती ना?’

तानपुरा कशाला? मोबाईलवर ॲप आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या अभिनंदनाचा फलक लिहा आणि सहल वॉटर पार्कला न्या. सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तानपुरा कसा होतो ते पाहून मुलांचा काय फायदा?

आता स्वागतगीत. दीड तास आणि चाळीस मुलं. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर पाहून पट्टी, म्हणजे पेटीवर ‘सा’ कुठे धरायचा ते, ठरवावी लागते, हे विसरा. सरांना सोयीची काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, धरा. मुली वरच्या सा ला किंचाळतील, खालच्या सप्तकात उतरल्या तर ऐकूच येणार नाहीत. काळी चार-पाचच्या आसपास धरलं असतं तर गायल्या असत्या, पण तपासायला वेळ कुठाय? आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटलेला असतो. त्यांना मागे उभं करून फक्त ध्रुवपद द्यायचं असतं. तुम्ही पुढे उभं करा, उंच दिसतात. शब्द आधी पाठ, मग टाळीवर केरवा ताल, मग एकेक ओळ: सरांनी दोनदा गायची, मुलांनी मागून म्हणायची, दुसरी आली की पहिलीला जोडायची. मग अंतरा, मग तबला, मग उभं राहून माईकवर. याला चार-पाच तासिका लागतात, तेही पोरं हुशार असली तर. दीड तासात नुसता आरडाओरडा बसतो. तिसऱ्या ओळीपासून लय पळते, सूर चढतो, पेटी एकीकडे आणि मुलं दुसरीकडे. त्यात मान्यवर येतात पाऊण वाजता! तोवर मुलं उन्हात, घसे कोरडे, फेटा बांधायला माणूस मिळत नाही म्हणून तेही काम सरांनाच. आणि शेवटी वर तोंड करून, ‘सर, यंदा गाणं जरा बेसूर झालं.’

पालकांसाठी एकच: नववीच्या शेवटी येऊन ‘दहावीच्या वाढीव गुणांचं तेवढं बघा’ म्हणा.

शिक्षण हक्क कायदा 2009 ची अनुसूची उघडू नका. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक तरी हवा, असं त्यात लिहिलंय. चित्रकलेचेच सर गाणंही घेतात म्हणून खपवा.

अहो, गायक विष्णु दिगंबर पलुस्कर याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. गाणाऱ्या माणसाला समाजात मान मिळावा म्हणून त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आणि त्याच मिरजेच्या भागात तुम्ही गाण्याच्या शिक्षकाला वायरमन करून ठेवलंय! पाहुणे येणार हे तुम्हाला पंधरा दिवस आधी माहीत असतं. पत्रिका छापायला दिलीत, हार सांगितलेत, पेढ्यांची ऑर्डर गेली. त्याच दिवशी सरांना एक शब्द सांगायला काय झालं होतं? पुढच्या वेळी आधी सांगा. तासिका काढून घेऊ नका. पेटीचं बिल मंजूर करा. आणि माईकसाठी मांडववाल्याला फोन करा, तो पैसे घेतो तेच त्याचं काम आहे.