अद्दल घडवली म्हणू नका

गेले आठ दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय आहे. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली असं सांगणाऱ्या माणसाचा खटला आता कोर्टात उभा राहतोय. मी त्याचं नाव घेणार नाही आणि त्या रात्री काय झालं असेल यावर एक अक्षरही लिहिणार नाही. मी तिथं नव्हते. ग्रुपवरचंही कोणी नव्हतं. तरी परवा सकाळी तिथं मतदान सुरू झालं: हिरो की खुनी? दुपारपर्यंत सत्तेचाळीस जणांनी बटण दाबलं होतं. एकानं त्या माणसाचा फोटो डीपीला लावलाय. तारखेच्या दिवशी हार घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाईन्सला, कोर्टात जायचं ठरतंय, कोणाच्या गाडीत किती जागा आहे याची यादी चालू आहे.

या यादीतली बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत, चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येणारी आहेत. त्यांच्यासाठीच लिहितेय. जरा लांबेल.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, काटोल तालुक्यात संत्र्याचा बगीचा करायचे. १९८७ सालची गोष्ट, मी तेव्हा आठवीत होते. आंबिया बहाराची फळं झाडावर होती, व्यापारी विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन गेला होता, तोडणीला आठवडा होता. विसार घेतला तरी तोडणीपर्यंतची राखण शेतकऱ्याच्याच गळ्यात. रोही, म्हणजे नीलगायी, यायचे, रानडुकरं यायची, चोरही यायचे. मोठे बाबा रोज रात्री जेवून जागलीला जायचे. त्यांच्याकडे पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. तिच्यातून एकदाच बार निघतो. पुन्हा दारू भरा, गजानं ठासा, छर्रे टाका, टोपी बसवा, तोवर समोरचं रानडुक्कर शिवार ओलांडून गेलेलं असतं.

त्या रात्री बगीच्यात तिघं होते. मोठ्या बाबांनी आवाज दिला, दोघं पळाले, तिसरा वळला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती असं मोठे बाबा म्हणाले. कुऱ्हाड सापडली, पण प्रेतापासून वीसेक फुटांवर. छर्रे लागले होते उजव्या कुशीत. छातीत लागले असते तर तो अंगावर येत होता असं म्हणता आलं असतं, पाठीत लागले असते तर पळत होता असं. कुशीत लागले म्हणजे तो वळत होता. कुठल्या बाजूला वळत होता, यावर पुढची तीन वर्षं सेशन कोर्टात खल झाला.

पहाट व्हायच्या आत मोठे बाबा स्वतःच ठाण्यात गेले आणि बंदूक टेबलावर ठेवली. ३०२, म्हणजे खुनाचं कलम, लागलं. दोन-अडीच महिन्यांनी जामीन मिळाला आणि ते गावात परत आले तेव्हा वेशीवर डफडी होती. लोकांनी दुपट्टा दिला, नारळ दिला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "पाटील, चांगली अद्दल घडवली जी तुमी!" मला आठवतं, मोठे बाबा मान खाली घालून घरात शिरले आणि मोठ्या आईला म्हणाले, "दार लाव."

पण गाव थोडंच सोडतं! दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसायचं आणि तेच सांगायचं. आता कोणाची हिंमत होत नाही, आता आमचेही बगीचे वाचले, असे चार लोक गावात पाहिजेत. सहा महिने त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. मग एका संध्याकाळी पानठेल्यावर चार-पाच जणांनी घेरलं, कोणीतरी पाठीवर थाप मारली, "घडवली ना अद्दल?" आणि मोठे बाबा म्हणाले, "हो बापा, घडवली."

मला वाटतं, त्यांना फक्त तिथून सुटायचं होतं.

पुढे साक्षीदारांच्या यादीत पानठेलेवाल्याचं नाव आलं. तो आमचा दुश्मन नव्हता, उलट मोठ्या बाबांचं सगळ्यात जास्त कौतुक त्यानंच केलं होतं. सरकारी वकिलांनी त्याला विचारलं, आरोपी तुमच्यापाशी काय म्हणाला? त्यानं शपथेवर खरं ते सांगितलं. आणि ज्या शब्दासाठी गावानं दुपट्टा दिला होता, तोच शब्द मोठ्या बाबांच्या विरुद्ध कागदावर चढला.

यात कायदा काय म्हणतो ते मी नंतर, मोठी झाल्यावर, समजून घेतलं. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप मोकळा आहे. जुन्या दंडसंहितेत तो ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे, गाभा तोच. समोरचा आपला जीव घेईल किंवा जबर जखमी करेल अशी रास्त भीती वाटली, तर त्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला यांतही जातो. नुसत्या चोरीसाठी जात नाही. चोरीत जिवाची भीती मिसळली तर मात्र जातो. आरोपीला ती भीती शंभर टक्के सिद्ध करावी लागत नाही, पारडं त्याच्या बाजूला थोडंसं झुकलं तरी पुरतं. अंधारात, घाबरलेल्या माणसानं किती जोरात मारायला हवं होतं याचं माप कोर्ट सोन्याच्या काट्यावर घेत बसत नाही. दर्शन सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं मुद्देसूद लिहून ठेवलं आहे. तिथंही गोळीच झाडली होती, शेतीच्या वादात, आरोपीच्या वडिलांवर वार झाल्यावर. उच्च न्यायालयानं दोषी धरलेल्या त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयानं सोडलं.

म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या पाठीशी कायदा उभा राहतो. पण त्याच निकालात आणि त्याच्या आधीच्या कितीतरी निकालांत दुसरंही सांगितलेलं आहे: हा हक्क बचावासाठी आहे, सूड उगवण्यासाठी किंवा शिक्षा देण्यासाठी नाही. सगळा खटला एका प्रश्नावर उभा असतो. ट्रिगर ओढताना त्याच्या मनात भीती होती की राग?

आता ग्रुपवरचे मेसेज पुन्हा वाचा. "असाच धडा शिकवला पाहिजे." "एकाला ठोकलं की दहा सुधारतात." "मर्द आहे." भीतीचं नाव कुठं आहे का त्यात? बिचारा किती घाबरला असेल, असं एकानं तरी लिहिलंय का? तो माणूस कोर्टात सांगणार की मी घाबरलो होतो, आणि बाहेर त्याच्याच नावाचे हार घेऊन उभे असलेले लोक सांगणार की त्यानं अद्दल घडवली. सरकारी वकिलाला जे सिद्ध करायचंय ते आपण फुकट ओरडून सांगतोय, तेही त्याच्या बाजूनं आहोत अशा समजुतीत. आणि रोज तेच कानावर पडलं की आत बसलेल्या माणसालाही एक दिवस तसंच वाटायला लागतं. "हो बापा, घडवली."

हे आजचं नाही. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी आपल्या बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. कोर्टात त्यांचा बचाव काय होता? झटापट झाली आणि त्यात पिस्तूल उडालं. रस्त्यावरची गर्दी झटापटीबद्दल बोलतच नव्हती. आहुजा त्याच लायकीचा होता, नवऱ्यानं जे करायचं तेच केलं, असं गर्दीचं म्हणणं. नानावटींची बाजू घेणाऱ्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे अंक चढ्या भावानं विकले जात होते. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. आहुजा अंघोळ करून नुसत्या टॉवेलवर होता आणि झटापट झाली म्हणतात तरी टॉवेल जागचा हलला नव्हता, हा मुद्दा त्यात फार महत्त्वाचा ठरला. एवढ्या मोठ्या गर्दीत त्या टॉवेलचा विचार कितीजणांनी केला असेल? पुढे नानावटींना माफी मिळाली, ते कॅनडाला गेले, तो वेगळा विषय आहे.

"पोलीस वेळेवर येत नाहीत, मग माणसानं काय करायचं?" ग्रुपवर एका ताईंनी हे विचारलं आणि हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. आपण नागपूरचे आहोत. १३ ऑगस्ट २००४ ला याच जिल्हा न्यायालयात, भर दुपारी, कोर्टाच्या खोलीत कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावानं अक्कू यादवला मारलं. वर्षानुवर्षं तो वस्तीतल्या बायकांवर अत्याचार करत होता, घरं लुटत होता आणि पोलीस आपलं ऐकत नाहीत असं त्या सांगत होत्या. खटला दहा वर्षं चालला, २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे ते स्वसंरक्षण नव्हतं. सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. पण ज्या बाईच्या तक्रारीची नोंदच होत नाही तिला कोणती यंत्रणा आणि कोणता वेळ? मी त्या बायकांना दोष देऊ शकले नाही, आजही देत नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग दिसला होता, पण त्यामागे कितीतरी वर्षांची भीती होती. आपल्या शहरानं त्यांच्या भीतीची दखल आधी घेतली असती तर ती दुपार आलीच नसती. पोलिसांना जाब विचारायचा असेल तर विचारा, मोर्चा काढा, मी येते. तो जाब एका आरोपीच्या गळ्यात हार घालून विचारला जात नाही.

आणि ज्या बारा जणांनी "खुनी" दाबलं, त्यांनीही मला सांगावं, तुम्ही शवविच्छेदनाचा अहवाल वाचलाय का? घाव कोणत्या बाजूला आहे, माहीत आहे का? अंधारात कुशीत लागलेल्या छर्ऱ्यांचा अर्थ लावायला एका न्यायाधीशाला तीन वर्षं लागली होती.

मोठ्या बाबांचा निकाल १९९० ला लागला. त्यांना भीती वाटली असेल, पण ते हक्काच्या पलीकडे गेले, असं कोर्ट म्हणालं. ३०२ गेलं, ३०४ चा दुसरा भाग, म्हणजे खून नाही पण सदोष मनुष्यवध, राहिला, पाच वर्षं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अपील केलं, जामीन झाला, आणि मग अपिलाचा नंबर येण्याची वाट पाहणं सुरू झालं. पानठेल्यावरचं ते एक वाक्य नसतं तर निकाल वेगळा लागला असता का, मला ठाऊक नाही. मोठी आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "लोकायनं नेलं त्याहिले."

सेशन कोर्टातल्या तारखांना मी तीनदा गेले होते, शाळा बुडवून, मोठ्या आईला सोबत म्हणून. काटोलहून सकाळच्या पॅसेंजरनं निघायचो. कोर्टाच्या व्हरांड्यात मेलेल्या माणसाची बायको बसलेली असायची, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. तिच्यासोबत कोणीच नसायचं. आमच्याकडून गावची पंधरा-वीस माणसं, टोप्या घालून, मोठमोठ्यानं बोलत. एकदा मोठी आई बाकावर सरकली आणि तिला जागा करून दिली. ती बसली नाही. आमच्या माणसांपैकी एकजण तिच्या देखत म्हणाला, "चोरायले आता समजलं." ती उठून नळाकडे गेली. मोठी आई त्या माणसाशी पुढे कधी बोलली नाही, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही.

दर वर्षी सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्त वाढलं जायचं. लहानपणी मला वाटायचं, एखाद्या दूरच्या पणजोबांचं असेल. मोठे बाबा गेल्यावर मोठ्या आईनं सांगितलं, ते त्याचं होतं. मोठे बाबा स्वतः वाढायचे, नाव घ्यायचे नाहीत.

१९९६ ला ते हृदयविकारानं गेले, अपिलाची सुनावणी झालीच नव्हती. आरोपी मरण पावला की असं अपील संपतं. घरच्यांना ते पुढे चालवायचं असेल तर तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. वकील म्हणाले, निर्दोष सुटायची चांगली संधी आहे, नाव तरी धुऊन निघेल. माझा चुलतभाऊ तयार होता. मोठी आई नको म्हणाली. निर्दोष ठरले तर गाव पुन्हा डफडी वाजवेल, तेवढं तिला ऐकायचं नव्हतं. तीस दिवस गेले. ३०४ चा शिक्का त्यांच्या नावावर राहिला तो राहिलाच.

म्हणून तारखेला हार घेऊन जाऊ नका. ती गाड्यांची यादी काढून टाका, ते मतदान काढून टाका, फोटो उतरवा. त्या माणसाला चांगला वकील मिळावा असं वाटत असेल तर पैसे गोळा करा, मीही देईन. त्याच्या घरच्यांना ओळखत असाल तर तारखेच्या दिवशी डबा पोचवा, कारण त्या दिवशी घरात स्वयंपाक होत नाही, हे मी पाहिलंय. आणि गेलेल्या माणसाचं घरही याच शहरात आहे. तिकडेही एक डबा न्या. तिथं ओट्यावर बसायला कोणी येत नसेल.