मवाळ होतोच असं कुठंय?

‘विषाणू जुना झाला की आपोआप मवाळ होतो’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. ऑस्ट्रेलियात १९५० साली सशांवर मिक्सोमा विषाणू सोडला, तेव्हा लागण झालेले जवळपास सगळे ससे मेले. पुढे विषाणू जरा नरमला, ससे चिवट झाले. इथवर लेखक बरोबर. पण १९९०च्या दशकातले या विषाणूचे नमुने प्रयोगशाळेतल्या सशांना टोचले, तर त्यांची प्रतिकारशक्तीच कोलमडली! विषाणूला फक्त पसरायचं असतं. पसरून झाल्यावर रोगी मेला तर त्याचं काय बिघडतं?

आणि एवढं लांब कशाला? लालबागच्या आमच्या चाळीत कोरोनाची पहिली लाट नुसत्या तापावर निभावली होती. २०२१च्या एप्रिलमध्ये मात्र एकच ऑक्सिमीटर पिशवीत घालून दोरीने तिसऱ्या मजल्यापर्यंत वर-खाली चालला होता. डेल्टाने, म्हणजे कोरोनाच्याच नव्या रूपाने, तिघांना नेलं.