खुलासा : लाइव्ह लिनक्समधलं सगळं पुसलं जात नाही

"पेनड्राइव्हवरचं लाइव्ह लिनक्स बंद केलं की टाकलेलं सगळं जातं, प्रॅक्टिकलला बिनकामाचं," असा मेसेज कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या ग्रुपांवर फिरतोय. लाइव्ह लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरवर इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स सिस्टिम. मेसेज अर्धवट खरा आहे. मूळ सिस्टिम स्क्वॅशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते, बदल रॅममध्ये, म्हणजे बंद केल्यावर रिकाम्या होणाऱ्या मेमरीत साठतात, म्हणून जातात. बदलांना पेनड्राइव्हवरच जागा दिली की पॅकेजेस, मराठी कीबोर्ड, वायफायचा पासवर्ड, सगळं टिकतं.

त्यासाठी डेबियन या लिनक्समध्ये पेनड्राइव्हवर 'पर्सिस्टन्स' (टिकून राहणं) लेबलचं एक्स्ट-४ पार्टिशन (लिनक्सच्या फॉरमॅटचा वेगळा भाग) करायचं, त्यात पर्सिस्टन्स.कॉन्फ ही फाइल ठेवायची (आत एकच ओळ: '/ युनियन') आणि बूट करताना, म्हणजे सिस्टिम सुरू करताना 'पर्सिस्टन्स' हा पर्याय द्यायचा. नावं अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत. यातलं एक जरी राहिलं तरी सिस्टिम कुरकुर न करता कोरीच उघडते, आणि मग असले मेसेज जन्माला येतात. विंडोजवरून उबंटू किंवा डेबियनचा पेनड्राइव्ह करणाऱ्यांना रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रॅममधला, बदलांसाठी जागा ठरवणारा स्लायडर पुरतो.

नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) मात्र सहसा लागू होत नाही. तो बसल्यासारखा दिसतो, पण बूट मूळ इमेजमधल्या जुन्याच कर्नलवर होतं. आणि हो, एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता न येणारं सांकेतिक रूप) नसलेला पेनड्राइव्ह रंकाळ्यावर हरवला, तर वायफायचा पासवर्डही सापडणाऱ्याच्या हाती.