ज्या खात्याला मतदार नाहीत

इस्रायलच्या मंत्रिमंडळात एक खाते असे आहे की, ज्या लोकांसाठी ते चालवले जाते त्यांतल्या जवळजवळ कोणालाही इस्रायलमध्ये मतदानाचा हक्क नाही. जगभर विखुरलेल्या ज्यू समाजाशी, म्हणजे ‘डायस्पोरा’शी, संबंध राखण्याचे काम स्वतंत्र मंत्र्याकडे सोपवण्याची सुरुवात १९९९ साली एहुद बराक यांच्या सरकारात झाली. तेव्हापासून हे खाते कधी एकटे, कधी दुसऱ्या खात्याला जोडून, आघाडीच्या सोयीप्रमाणे या हातातून त्या हातात जात राहिले आहे. सोव्हिएत संघातले एकेकाळचे राजकीय कैदी नातान शारान्स्की यांच्याकडे ते २००३ ते २००५ अशी जेमतेम दोन वर्षे होते. तरीही या विषयावर कोणा एका माणसाची कारकीर्द अभ्यासायची असेल, तर ती त्यांचीच अभ्यासावी असे मला वाटते. बाहेरच्या ज्यूंच्या दबावामुळे हा माणूस तुरुंगातून सुटला, आणि त्याच ज्यूंच्या हाती मत नसल्यामुळे त्याने जुळवून आणलेला सर्वांत अवघड समझोता पुढे गुंडाळून ठेवण्यात आला.

शारान्स्की यांचा जन्म १९४८ चा, तेव्हा स्तालिनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या दोनेत्स्क शहरातला. मूळ नाव अनातोली. बुद्धिबळात लहानपणापासून तरबेज, शिक्षण मॉस्कोच्या नामांकित संस्थेत, विषय गणित. १९७३ साली त्यांनी इस्रायलला जाण्यासाठी परवाना मागितला आणि सुरक्षेचे कारण दाखवून तो नाकारण्यात आला. अशा नाकारल्या गेलेल्या ज्यूंना ‘रिफ्यूजनिक’ म्हणत. त्या काळात इंग्रजी येणारा, परदेशी वार्ताहरांशी बोलू शकणारा तरुण म्हणजे चळवळीसाठी मोठेच भांडवल होते. शास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते आंद्रेई साखारोव यांच्यासाठी ते दुभाष्याचे काम करू लागले आणि १९७६ साली मानवी हक्कांच्या पायमल्लीवर लक्ष ठेवणाऱ्या मॉस्को हेलसिंकी गटाच्या संस्थापक सदस्यांत सामील झाले. मार्च १९७७ मध्ये त्यांना अटक झाली, १९७८ साली अमेरिकेचे हेर ठरवून तेरा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. हा माणूस आमच्या गुप्तचर संस्थेचा नाही, असे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी जाहीरपणे सांगितले होते, पण सोव्हिएत न्यायालयापुढे त्याचा काय पाड!

तुरुंगातल्या नऊ वर्षांवर त्यांनी स्वतःच भरपूर लिहिले आहे, त्यामुळे मी एकाच गोष्टीपाशी थांबतो. अटकेच्या थोडे आधी पत्नी अविताल यांनी पाठवलेले स्तोत्रसंहितेचे चिमुकले पुस्तक त्यांच्या हाती आले होते. तुरुंगात ते वारंवार काढून घेतले जाई आणि ते परत मिळवण्यासाठी शारान्स्की दर वेळी भांडत. फेब्रुवारी १९८६ मध्ये सुटकेसाठी विमानतळावर नेले तेव्हाही ते पुस्तक हाती दिलेले नव्हते. छायाचित्रकार समोर उभे असताना हा कैदी सरळ बर्फात आडवा झाला आणि पुस्तक मिळाल्याशिवाय उठायला तयार होईना. अखेर पुस्तक आले आणि मगच तो विमानात चढला. त्यानंतर बर्लिनजवळच्या ग्लीनिके पुलावरून ते पश्चिमेकडे गेले आणि त्याच दिवशी इस्रायलला पोहोचले. हट्टाची ही जात पुढच्या राजकारणातही दिसते, मात्र तिथे ती दर वेळी कामी आली नाही.

सुटका झाली ती केवळ त्या हट्टामुळे नव्हे. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी, जुलै १९७४ मध्ये, अविताल यांना देश सोडावा लागला होता. त्यानंतरची सगळी वर्षे त्यांनी अमेरिका आणि युरोपातल्या नेत्यांची दारे ठोठावण्यात घालवली. विद्यार्थी, गृहिणी, सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांच्या, छोट्या समित्या यांनी रस्त्यावर उतरून हा विषय तापत ठेवला. पुढे ६ डिसेंबर १९८७ रोजी, गोर्बाचोव्ह वॉशिंग्टनमध्ये येण्याच्या आदल्या दिवशी, तिथे सोव्हिएत ज्यूंसाठी मोर्चा निघाला. ऐन हिवाळ्यात एवढे लोक येतील का, अशी शंका अमेरिकेतल्या प्रस्थापित ज्यू संघटनांनाच होती. शारान्स्की यांनी गावोगाव फिरून लोकांना गोळा केले आणि अडीच लाखांच्या आसपास माणसे आली. संघटनांच्या पुढाऱ्यांपेक्षा साध्या ज्यू माणसावर विसंबावे, हा धडा त्यांनी इथेच घेतला असावा.

इस्रायलच्या राजकारणात मात्र ते आले ते स्थलांतरितांचे पुढारी म्हणून. १९८९ नंतर सोव्हिएत संघातून दहा लाखांच्या आसपास लोक इस्रायलमध्ये आले. कारखान्यांतले अभियंते झाडलोट करत होते, संगीतशिक्षक रखवालदारी करत होते. शारान्स्की यांनी १९९५ मध्ये ‘यिस्राएल बाअलिया’ हा पक्ष काढला आणि १९९६ च्या निवडणुकीत १२० पैकी सात जागा मिळवल्या. उद्योग-व्यापार मंत्रिपद मिळाले. १९९९ च्या प्रचारात त्यांच्या पक्षाने थेट गृह खात्यावर दावा सांगितला, कारण ते खाते ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडवे परंपरानिष्ठ, अशा शास पक्षाच्या हाती होते आणि कोण ज्यू, कोण नाही, याची नोंद त्या खात्याच्या खिडकीवर होत होती. ‘गृह खाते आमच्या ताब्यात’ ही रशियन भाषेतली घोषणा इतकी गाजली की पुढे ते खाते खरोखरच त्यांना मिळाले.

परतीच्या कायद्यात १९७० साली केलेल्या दुरुस्तीनुसार आजी-आजोबांपैकी एक ज्यू असले तरी माणसाला इस्रायलमध्ये येऊन नागरिक होता येते. लग्नाचा प्रश्न आला की मात्र रब्बी मंडळ, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची अधिकृत संस्था, आई ज्यू होती का, असे विचारते, आणि इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीने लग्न लावण्याची सोयच नाही. म्हणजे सैन्यात भरती व्हायला ज्यू, पण लग्नमंडपात नाही, अशा अवस्थेत लाखो रशियन भाषक अडकले.

हा जाच मराठी ज्यूंना नवा नव्हता. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलांपैकी काहींनी १९५१-५२ मध्ये तेल अवीव येथे, स्थलांतरितांना वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढे धरणे धरले होते, आम्हाला परत पाठवा म्हणून, आणि त्यांतल्या अनेकांना खरोखरच मुंबईला परत आणले गेले. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस रब्बी मंडळाने त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा फतवा काढला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, अलिबागच्या आसपास ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या लोकांना आपले ज्यूपण जेरुसलेममध्ये सिद्ध करावे लागत होते! त्यांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केले आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव केला. त्यांना हे मिळवता आले, कारण ते इस्रायलमध्ये राहत होते आणि नागरिक होते. न्यूयॉर्कमधल्या, रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथाच्या स्त्रीला अपमान तोच वाट्याला येतो, पण असा ठराव करून घेण्याचे साधन तिच्याकडे नाही.

मंत्री म्हणून शारान्स्की यांचा ठसा कुठे उमटला, असे विचारले तर त्यांनी दिलेले राजीनामे आधी आठवतात. जुलै २००० मध्ये बराक कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींना निघाले तेव्हा एक, आणि मे २००५ मध्ये गाझातून माघारीच्या निर्णयावर दुसरा. चार तुरुंग पाहिले आणि चार खाती सांभाळली, तुरुंगाचा राजीनामा कधी दिला नाही, सरकारचा मात्र दोनदा दिला, असे ते स्वतःच गमतीने सांगत आले आहेत. डायस्पोरा खात्याच्या काळात त्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांचा दौरा केला आणि इस्रायलवरची टीका ज्यूद्वेषाकडे कधी झुकते ते ओळखण्यासाठी तीन खुणा मांडल्या. इस्रायलला राक्षस म्हणून रंगवणे, त्याला वेगळा न्याय लावणे आणि त्याचे अस्तित्वच बेकायदा ठरवणे, या त्या तीन खुणा. ही कसोटी आजही जगभर वापरली जाते. कधी नेमकी वापरली जाते, कधी साधी टीका उडवून लावण्यासाठी, आणि या दुसऱ्या वापराबद्दल शारान्स्की यांनी आणखी कडक बोलायला हवे होते असे माझे मत आहे.

त्यांच्याबद्दलची माझी मोठी तक्रार याच वर्षांतली आहे. गावच्या चौकात उभे राहून न भिता मत मांडता आले तर तो समाज स्वतंत्र, अशी कसोटी त्यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात मांडली आणि अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ती उचलून धरली. शांतता हवी तर पॅलेस्टिनींनी आधी लोकशाही आणावी, हा त्यांचा आग्रह. पण लष्करी अमलाखाली राहणाऱ्या माणसाचा चौक कोणाच्या ताब्यात असतो, हा प्रश्न ते फारसा विचारत नाहीत. हेलसिंकी गटात क्रिमियातल्या तातारांपासून पेंतेकोस्तल ख्रिश्चनांपर्यंत सगळ्यांच्या हक्कांची दखल घेतली जाई, त्या गटात घडलेल्या माणसाने हा प्रश्न विचारणे अपेक्षित होते. त्यांचे चाहते या मुद्द्यावर पटकन विषय बदलतात.

२००९ साली ते ज्यूइश एजन्सीचे अध्यक्ष झाले. राज्य स्थापन होण्याआधी डेव्हिड बेन गुरियन यांनी ज्या संस्थेतून जवळजवळ सरकारच चालवले, ती ही संस्था. तोवर तिचे मुख्य काम ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणे हे होते. संकटातून पळणारे मोठे लोंढे आता संपले, यापुढे येणारे स्वेच्छेने येतील आणि त्यासाठी आधी त्यांना आपल्या ज्यूपणाशी नाते वाटले पाहिजे, असे म्हणून शारान्स्की यांनी भर बदलला. तरुणांना इस्रायलमध्ये काही महिने राहण्याच्या योजना, परदेशी वस्त्यांमध्ये आणि विद्यापीठांत पाठवलेले इस्रायली दूत, अशा कामांवर जोर आला. जुन्या मंडळींना हे मूळ काम सोडून देणे वाटले. मला तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत दूरदर्शी निर्णय वाटतो.

आणि मग आला भिंतीचा प्रश्न. जेरुसलेममधली पश्चिम भिंत हे ज्यूंचे अत्यंत पवित्र प्रार्थनास्थळ. तिच्यापुढच्या पटांगणात स्त्री-पुरुष वेगळे उभे राहतात आणि सगळा कारभार ऑर्थोडॉक्स रब्बीच्या देखरेखीखाली चालतो. ‘विमेन ऑफ द वॉल’ या गटातल्या स्त्रिया १९८८ पासून दर हिब्रू महिन्याच्या आरंभी तिथे जमून प्रार्थनेची शाल पांघरतात आणि मोठ्याने तोरा हा धर्मग्रंथ वाचण्याचा हक्क मागतात. २०१२ साली त्यांतल्या काहींना पोलिसांनी पकडले, तेव्हा अमेरिकेतले ज्यू खवळले. त्यांच्यात रिफॉर्म आणि (नाव तसे असले तरी ऑर्थोडॉक्सांपेक्षा मोकळ्या) कन्झर्व्हेटिव्ह पंथीयांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांच्या सिनेगॉगमध्ये स्त्रिया रब्बी असतात. पंतप्रधान नेतान्याहूंनी डिसेंबर २०१२ मध्ये हा गुंता शारान्स्की यांच्याकडे सोपवला.

शारान्स्की यांनी मार्ग सुचवला तो जागेचा. भिंतीच्या दक्षिण टोकाला, रॉबिन्सन कमानीपाशी, पुरातत्त्व उत्खननाच्या भागात स्त्री-पुरुषांनी एकत्र प्रार्थना करण्यासाठी विभाग करावा, आणि मुख्य म्हणजे त्याचे प्रवेशद्वार उत्तरेकडच्या पटांगणाशी सामायिक असावे, म्हणजे येणाऱ्याला दोन्ही वाटा समोर दिसतील. मागच्या दाराने आत घेतलेला पाहुणा आणि पुढच्या दाराने आलेला पाहुणा यांतला फरक त्यांना नेमका कळला होता. तीन वर्षे वाटाघाटी चालल्या. हरेदींना, म्हणजे सर्वांत कडव्या ऑर्थोडॉक्स ज्यूंना, मूळ पटांगण जसेच्या तसे राहणार होते. स्त्रियांच्या गटाने तिथला आग्रह सोडून नव्या विभागात जायचे कबूल केले, आणि काही जुन्या सदस्या त्यावरून रागावून वेगळ्या झाल्या. नव्या विभागाच्या व्यवस्थापनात रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह प्रतिनिधींना जागा मिळणार होती. ३१ जानेवारी २०१६ रोजी मंत्रिमंडळाने १५ विरुद्ध ५ मतांनी योजना मंजूर केली.

हरेदी पक्षांनी विरोधात मत दिले, पण सरकार सोडले नाही. ठरल्याप्रमाणे कुरकुर करून विषय संपला असता. मात्र त्यांच्याच वर्तमानपत्रांतून आणि रब्बींकडून ओरड सुरू झाली की तुम्ही रिफॉर्म पंथाला सरकारी मान्यता कशी मिळू दिलीत, आणि मग आघाडीच टांगणीला लागली. २५ जून २०१७ रोजी मंत्रिमंडळाने योजना गोठवली. त्याच दिवशी धर्मांतराचा अधिकार मुख्य रब्बी मंडळाच्याच हाती ठेवणारे विधेयक पुढे सरकवण्यात आले. ज्यूइश एजन्सीचे नियामक मंडळ तेव्हा जेरुसलेममध्येच जमलेले होते. त्यांनी नेतान्याहूंबरोबर ठरलेले रात्रीचे भोजन रद्द केले. केजीबीशी सौदा न करणारे शारान्स्की जाहीरपणे निराशा व्यक्त करून राहिले, कारण इथे समोर केजीबी नव्हती, त्यांचेच जुने सहकारी होते आणि शेवटी हिशेब क्नेसेटमधल्या ६१ जागांचा होता.

नेतान्याहूंना मी इथे खलनायक ठरवत नाही. हरेदी पक्ष बाहेर पडले तर त्यांचे सरकार त्याच आठवड्यात पडले असते, आणि शिकागोतला ज्यू रागावला तर निधी थोडा कमी झाला असता, एवढेच. ज्या खात्याला मतदार नाहीत त्याचा मंत्री, किंवा एजन्सीचा अध्यक्ष, कितीही मोठ्या नैतिक उंचीचा असला तरी या तराजूत हलकाच ठरतो. शारान्स्की यांना २०१८ साली इस्रायल पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी एजन्सीचे अध्यक्षपद आयझॅक हर्झोग यांच्याकडे गेले. रॉबिन्सन कमानीपाशी २०१३ साली नफ्ताली बेनेट यांनी, तेही तेव्हा याच खात्याचे मंत्री होते, घाईने उभारलेला तात्पुरता मंच तेवढा उरला.

२०२१ मध्ये बेनेट स्वतः पंतप्रधान झाले. त्या सरकारात हरेदी पक्ष नव्हते, आणि डायस्पोरा मंत्री नाखमान शाई या योजनेच्या बाजूने उघडपणे बोलत होते. तेव्हा तरी ती बासनातून बाहेर निघेल असे अनेकांना वाटले होते. पण बेनेट यांचे बहुमत एका जागेचे होते, आघाडीतच उजव्या धार्मिक सदस्यांची नाराजी ओढवायची कोणाची तयारी नव्हती, आणि वर्षभरातच क्नेसेट बरखास्त झाली.