रेषेच्या अलीकडचं घर

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी एक चौपदरी रस्ता आहे. परवापरवापर्यंत तो नुसता रस्ता होता, आता ती शीव झाली आहे. डॅलसच्या उत्तरेला, जिथे काही वर्षांपूर्वी गुरं चरत होती, तिथे आता विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा आहेत आणि त्या घरांतल्या मुलांसाठी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, नवं हायस्कूल येत्या ऑगस्टात उघडतंय. जुन्या हायस्कूलला वर्ग पुरेनात, म्हणून मागच्या पार्किंगमध्ये चाकांवरून आणलेल्या तात्पुरत्या खोल्या मांडल्या होत्या. नवी शाळा हवी याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण सुरू झालं ते तिच्यात कुणाची मुलं जाणार यावरून.

रस्त्याच्या अलीकडची मुलं नव्या शाळेत, पलीकडची जुन्या शाळेत. माझी मुलगी आठवीत आहे, म्हणजे ती नव्या शाळेची पहिली नववी. तिची जिवलग मैत्रीण पलीकडे राहते. आमच्या माडीच्या खिडकीतून तिच्या गॅरेजचा दिवा दिसतो.

ही रेषा कुठे आखायची याची सुनावणी शाळेच्या कॅफेटेरियात झाली. भिंतीला टेकवून तीन मोठे नकाशे ठेवले होते, पर्याय अ, ब आणि क. प्रत्येकात डिस्ट्रिक्टचे रंगीत तुकडे आणि तुकड्यांवर आकडे: आज किती मुलं, पाच वर्षांनी किती, इमारतीत मावतात किती, मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणारी किती. लोक नकाशाला नाक लावून आपलं घर शोधत होते. एका आजोबांनी चष्मा काढून बोट टेकवलं आणि ते बोट तसंच धरून बायकोला हाक मारली, जणू उचललं तर घर सरकेल. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर टेबलावर दिवा: हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की गप्प.

बोलणारे बरेच होते. नवी शाळा फक्त नववी-दहावी घेऊन उघडणार, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं फुटबॉल संघात दांडगी मुलंच नसणार, आमच्या पोरानं मार खायचा का, असा एका बापाचा प्रश्न. टेक्ससमध्ये हा प्रश्न विनोदी समजला जात नाही. एका आईला बँडची काळजी. सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या त्या एका प्लंबरला, ज्याची तिन्ही मुलं तिन्ही पर्यायांत तीन वेगवेगळ्या शाळांत विखुरली जात होती. 'गाडी एकच आहे,' एवढं बोलून तो खाली बसला. त्याची अडीच मिनिटं शिल्लक होती.

आपल्या लोकांची चिंता वेगळी. त्यासाठी इथला एक कायदा सांगायला हवा. विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला १९९६ मध्ये इथल्या अपील कोर्टाने मनाई केली, तेव्हा टेक्ससने १९९७ मध्ये वेगळीच वाट काढली: राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलाला सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. ऑस्टिनच्या विद्यापीठाकडे इतकी झुंबड उडाली की तिथे ही मर्यादा सहा टक्क्यांपर्यंत खाली आली आणि २०२६ च्या प्रवेशांपासून पाच टक्के झाली. हेतू असा की गरीब वस्तीतल्या शाळेतल्या हुशार मुलालाही दार उघडावं. परिणाम असा की नावाजलेल्या शाळेत घातलं तर मुलाचा क्रमांक घसरतो आणि साध्या शाळेत घातलं तर आईबापांचा जीव खालीवर होतो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तिन्ही नकाशांवर एक्सेल चालवलं होतं. कुठल्या पर्यायात कुठल्या शाळेत 'आपली' मुलं किती जातील आणि मग पहिल्या पाच टक्क्यांत चुरस किती, असा हिशोब. भारतीय आडनावं मोजायची पद्धत त्यांनी कशी बसवली हे मी विचारलं नाही.

तेच गृहस्थ नंतर माइकवर गेले. इंग्रजी सफाईदार, आवाज संथ. म्हणाले, हायवेलगतचे अपार्टमेंट नव्या शाळेत घालू नयेत, तिथली कुटुंबं वर्षा-वर्षाला घर बदलतात, त्यामुळे वर्गाची घडी बसत नाही, आम्ही घरं घेताना विचार करून घेतली आहेत. टाळ्या पडल्या. मी मात्र चपापले, कारण हेच वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मराठीत आणि कोथरूडमध्ये.

ते असं. माझ्या ताईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या नातीचा आरटीईचा अर्ज ताईनेच भरला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. अर्ज ऑनलाइन, नकाशावर आपल्या घराची खूण बरोबर जागी बसवायची, भाड्याने राहत असाल तर नोंदणी झालेला भाडेकरार जोडायचा. झोपडीचा भाडेकरार नोंदवून देणारा मालक कुठून आणायचा हे त्या संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं. पण तेही जमलं. आणि ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमच बदलला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही असं ठिकाण दिवा घेऊन शोधावं लागेल. मावशींच्या नातीच्या यादीत उरल्या त्याच शाळा, ज्यात प्रवेशासाठी अर्जाची गरजच नव्हती.

त्या दिवसांत ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर चाललेली चर्चा तिने मला पाठवली होती. सरकारने उशिरा का होईना शहाणपण केलं, असा सूर. एकाने लिहिलं होतं, आम्ही फी भरताना विचार करून शाळा निवडली आहे. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली, अर्ज पुन्हा भरून घेतले गेले आणि १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला. ग्रुप पुढच्या विषयाकडे वळला. मावशींची नात प्रतीक्षा यादीत होती, तिथेच राहिली.

मला यातला किलोमीटर फार गमतीचा वाटतो. आपल्याकडे कायद्यात तो आला तो सरकारला बांधण्यासाठी. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीच्या मुलाला तीनच्या आत. मूल जिथे आहे तिथे शाळा न्यायची, मग ते डोंगरात असो की धरणाच्या मागे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर परिसरशाळेची कल्पना याच्याही पुढे नेली होती: परिसरातली सगळी मुलं, कलेक्टरचं आणि शिपायाचं, एकाच शाळेत. अमेरिकेतल्या या रेषेने सरकारला नाही, कुटुंबाला बांधलंय. शाळा जिथे चांगली तिथे मुलाला घेऊन तुम्ही जायचं, आणि जायचं म्हणजे घर घ्यायचं. २०२४ चा तो नियम म्हणजे आपल्या किलोमीटरला अमेरिकन रेषेचं काम शिकवण्याचा प्रयत्न होता. मूल आत यावं म्हणून आखलेलं अंतर त्याला बाहेर ठेवायला वापरायचं.

इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी घरच्यांना अभिमानाने सांगायची की आमची पोरं सरकारी शाळेत जातात, एक पैसा फी नाही. वडील खूश व्हायचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी घरपट्टीचं बिल नीट वाचायला लागले ते उशिरा. त्यात सगळ्यांत मोठा आकडा शाळेचा असतो. आणि घराच्या किमतीतच शाळेचं डोनेशन मुरलेलं असतं, फक्त ते तीस वर्षांच्या हप्त्यांत द्यायचं असल्याने कुणी त्याला डोनेशन म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतल्या अशाच हद्दींच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली होती. वस्ती तीच, फक्त शाळा वेगळी. परीक्षांचे गुण पाच टक्के जास्त असलेल्या शाळेच्या बाजूला घर सुमारे अडीच टक्के महाग निघालं.

हे सगळं याच राज्यात कोर्टातही जाऊन आलंय. १९६८ मध्ये सॅन अँटोनिओतल्या एजवुड भागातल्या मेक्सिकन वंशाच्या पालकांनी दावा लावला. त्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होते, त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये ५९४. आणि घरपट्टीचा दर मात्र एजवुडचाच चढा. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना परत पाठवलं: शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. आपल्याकडे तो हक्क घटनेत आहे, २१-अ कलमात लिहिलेला. पुढे राज्याच्या न्यायालयांत लढून टेक्ससच्या पालकांनी १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा पैसा गरिबांकडे वळवणारा कायदा पदरात पाडून घेतला, त्याला लोक आजही रॉबिन हूड म्हणतात. म्हणताना काही जणांच्या आवाजात कौतुक असतं, आमच्या वसाहतीत क्वचितच.

आणि रेषा ओलांडली तर? ओहायोतल्या अॅक्रनमध्ये २०११ साली एका कृष्णवर्णीय आईला तुरुंगात जावं लागलं, कारण मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घालताना तिने आपल्या वडिलांचा पत्ता दिला होता. पुण्या-मुंबईत चांगल्या शाळेसाठी मामाचा पत्ता देणं हे नात्याच्या उपयोगांपैकी एक समजलं जातं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल, घराचे कागद असं सगळं बघतात. भाडेकराराच्या बाबतीत जरा जास्तच निरखून बघतात, हे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या एका मेक्सिकन बाईने मला त्याच सुनावणीच्या रांगेत सांगितलं.

एवढं असूनही त्या कॅफेटेरियात बसल्यावर मला हेवा वाटला. कशाचा, ते सांगते. त्या खोलीत डॉक्टर होते, प्लंबर होता, रिअल इस्टेट एजंट होती, दुभाष्या घेऊन आलेली ती बाई होती, आणि सगळ्यांचं भांडण एकाच सरकारी शाळेसाठी होतं. आपल्याकडे जे माइकवर तीन मिनिटं ठणकावून बोलू शकले असते ते सरकारी शाळा सोडून कधीच निघून गेले. मागे राहिलेल्यांना कुणी नकाशा दाखवत नाही.

माझे वडील मे-जूनच्या उन्हात सायकलवरून वाड्यावस्त्यांवर फिरायचे. पट टिकवायला. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवताना, एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, बदली होणार. गावात इंग्रजी माध्यमाची पिवळी बस यायला लागली तसा पट गळायला लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून डोकी मोजली, तेव्हा ते निवृत्त झालेले होते, तरी सकाळी कपडे घालून शाळेत जाऊन बसले. आपली शाळा खरी आहे हे बघायला, म्हणाले. त्या मोजणीत लाखो विद्यार्थी फक्त कागदावर सापडले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती सरकारने मागवली तेव्हा आकडा पंधरा हजारांच्या आसपास गेला आणि समूह शाळांची योजना पुढे आली: लहान शाळा मिटवून मुलांना बसने एका मोठ्या शाळेत न्यायचं. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. मोठी शाळा वाईटच असं मी म्हणणार नाही, चार पोरांना चार इयत्ता एकत्र शिकवणाऱ्या गुरुजींची ओढाताण मी घरात पाहिली आहे. पण त्या चौघांच्या आयांना पर्याय अ, ब, क असे तीन कागद कुणी दाखवणार नाही. पावसाळ्यात ओढा भरला की बस कुठपर्यंत येते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

सुनावणीत माझं नाव यादीत एकविसावं होतं. मी बोलले. चौपदरी रस्ता ओलांडून सायकलने जाणाऱ्या मुलांबद्दल बोलले, आणि सहावीपासून एकत्र असलेल्या मुली नववीत तोडू नका असं म्हणाले. दिवा पिवळा झाला तेव्हा अपार्टमेंटबद्दल बोलायला जवळजवळ मिनिटभर होतं. ते गृहस्थ दुसऱ्या ओळीत बसले होते, त्यांच्याकडे आमचं गणपतीचं जेवण असतं. मी आभार मानून खाली बसले.

डिस्ट्रिक्टच्या मंडळाने दोन आठवड्यांनी पर्याय ब मंजूर केला. अपार्टमेंट जुन्या शाळेतच राहिले. रस्ता शीव राहिला. अकरावी-बारावीची मुलं जुन्याच शाळेत राहणार, नववीला मात्र तशी मुभा नाही. मुलीने दोन दिवस जेवणाच्या टेबलावर एक शब्द काढला नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, 'तिच्या घरचा पत्ता दिला तर चालेल का?' मी तिला अॅक्रनची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'पण आजोबा तर घरोघर जाऊन मुलांना बोलवायचे ना?'

शनिवारी कोपऱ्यावरच्या विकाऊ घराच्या पाटीखाली एक नवी पट्टी लटकलेली दिसली, नव्या हायस्कूलच्या नावाची. पाटी रस्त्याच्या अलीकडे होती, आमच्या बाजूला. मी गाडी कडेला घेतली, फोन काढला आणि त्या घराची किंमत किती लावली आहे ते पाहिलं.